पुढच्या चाकात मोटर घालून शिरूर ते वरवंड

शुक्रवार : शिरूर

पहिल्यांदा खटका दाबला तेव्हा सायकल मागं गेली.

म्हणजे असं, की मी सीटवर बसलोय, तोंड नदीकडं, दिवाळीच्या सुट्टीमुळं गल्लीतली चार-पाच मंडळी ओट्यावर बसून माझ्याकडंच बघतायत, मी उजव्या अंगठ्यानं खटका दाबला, आणि सायकल मला घेऊन उलट्या दिशेनं निघाली. फार नाही, आठ-दहा फूट. पण नेमक्या त्या आठ-दहा फुटांत शेजारच्या काकूंची रांगोळी होती. सकाळपासून खपून काढलेली, एकवीस ठिपक्यांची. तिच्यातून मी पाठमोरा गेलो आणि काकूंच्या पायरीला टेकून थांबलो.

"रिव्हर्स पण दिलाय का कंपनीनं?" समोरच्या ओट्यावरून पोस्टातले निवृत्त मास्तर म्हणाले.

चूक साधी होती. मोटर पुढच्या चाकात असते आणि मी ते चाक डाव्याचं उजवीकडं करून बसवलं होतं. मोटर बिचारी तिच्या हिशोबानं पुढंच फिरत होती. तीस वर्षं मी कारखान्यात मेंटेनन्सला काढली. पट्टा उलटा फिरला म्हणून हाताखालच्या किती जणांना मी झापलं असेल, त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली आणि पाना घेऊन खाली बसलो.

आमची सौ., मंगल, चकल्यांचं ताट हातात घेऊन दारात उभी होती. ती काकूंना म्हणाली, "मी देते काढून रांगोळी." मला काहीच म्हणाली नाही. लग्नाला तीस वर्षं झाली की असल्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटते.

आता हा उद्योग कशासाठी, ते सांगतो. मंगलची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, दौंड तालुक्यात वरवंडला असते. तिथल्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण शिजवते. एक-दोन नाही, बावीस वर्षं. मळ्यातल्या घरापासून शाळा चार किलोमीटर, मध्ये कालव्याचा चढ, आणि आक्का रोज सायकलवर, मागं भाजीची पिशवी बांधून. तिच्या वयाची सायकल चालवणारी बाई त्या भागात दुसरी नाही. पण पावसाळ्याच्या तोंडाला तिचा उजवा गुडघा धरला. डॉक्टरांनी चढाला जोर लावायची बंदी केली. तेव्हापासून आक्का घरी, आणि तिच्या जागी तात्पुरती दुसरी बाई. दिवाळीआधी मुख्याध्यापकांचा निरोप आला: सोमवारी शाळा उघडतेय, येणार की नाही ते पक्कं सांगा, नाहीतर त्या बाईंनाच कायम करावं लागेल.

तिचा मुलगा संतोष पहाटे सहाला कुरकुंभला कामावर जातो, तो आईला सोडणार कधी? त्याचं म्हणणं एकच, "आता बस की घरी." स्कूटीचा प्रयोग झाला होता. आक्कानं ती नुसती हातात धरली आणि ती तिच्या चांगल्या पायावर पडली.

हे सगळं ऐकल्यावर माझ्या तोंडून फोनवर निघून गेलं, "आक्का, काळजी करू नका. तुमच्याच सायकलला मोटर बसवून देतो." मी मार्चात कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. घरात माझे हात शिवशिवत होते. मंगलचा मिक्सर तीनदा उघडून झाला होता, आणि त्यातल्या दोन वेळा तो बिघडलेलाच नव्हता. आक्कानं माझं बोलणं म्हणजे दिलेला शब्द समजून सायकल टेंपोत घालून शिरूरला पाठवली. लेडीज सायकल, पुढं जाळीची टोपली, घंटी ठणठणीत.

मोटर म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा, पुरणाच्या डब्याएवढा एक डबा. त्याच्या आत छोटी मोटर गरगर फिरते आणि नायलॉनची तीन पांढरी दातेरी चक्रं तिचा वेग कमी करून ताकद वाढवतात. वजनाला हलकी आणि ओढायला दांडगी. बंद केली तर चाक मोकळं फिरतं, साध्या सायकलीसारखं. दुबळी बाजू एकच, ते दाते. म्हणून मी दात्यांचा एक जादा संच मागवून ठेवला होता. एकच.

चाचणी कशी घ्यायची ते मीच ठरवलं. गल्लीत दोन चकरा मारून सायकल देणं म्हणजे फसवणूक. माझं वजन शहाऐंशी किलो. मला घेऊन ती शिरूरपासून वरवंडपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास किलोमीटर गेली, तर आक्काचे चार किलोमीटर म्हणजे तिला खेळ. मंगल शनिवारी दुपारी एसटीनं येणार होती.

"मी एसटीनंच येते म्हणजे," ती म्हणाली, "तुम्ही वाटेत कुठं बसलेले दिसलात तर कंडक्टरला थांबवायला सांगेन."

शनिवार : न्हावरे

सातला निघालो. मागच्या कॅरियरवर आक्कासाठी फराळाचा डबा, पत्र्याचा, जुना, चारेक किलोचा. माझ्या पाठीला हत्यारांची पिशवी.

शिरूर सोडून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलं की मोकळं रान सुरू होतं. बाजरी निघून गेलेली, कुठं कांद्याची लागण चाललेली, बायका ओळीनं वाकलेल्या. हवेत गारवा होता. अंगठा खटक्यावर ठेवला की सायकल आपली चाललीय, भिंगरीचा आवाज करत. पाय पॅडलवर होते, पण ते शोभेला. मी सांगतो, माणूस आळशी असतो असं नाही, पण खटका दिला की होतो.

दर पाच किलोमीटरला थांबून मी मोटरला हात लावत होतो. कारखान्यातली जुनी रीत आहे: तळवा ठेवून दहापर्यंत मोजता आलं तर मशीन ठीक. दहा आले. पुन्हा पाच किलोमीटर. पुन्हा दहा. तिसऱ्या वेळी पाच किलोमीटरही धीर निघाला नाही, तीनलाच उतरलो.

वाटेत चहाला थांबलो तर टपरीवर माणसं जमली. सगळ्यांचे प्रश्न तेच. किती पळती? चार्जिंगला किती वेळ? आणि एक म्हातारे आबा बराच वेळ सायकलभोवती फिरून म्हणाले, "मोटर हाय तर पॅडल कशाला ठिवलंय मंग?"

"लागलं तर असावं म्हणून."

"लागतं का?"

"अजून नाही लागलं."

"मंग काढून टाका की. उगं पाय अडकतोय."

मला ते पटलं होतं, यावरून माझी त्या दिवशीची समज लक्षात यावी.

न्हावऱ्याच्या अलीकडं पुढचं चाक जरा वाकडं चाललंय असं वाटलं. उतरून बघतो तर मोटरची वायर पिळवटलेली. चाकाचा दांडा पुढच्या चिमट्यात स्वतःच फिरायला लागला होता. खटका दाबला की मोटर चाक फिरवते, पण दांडा घट्ट धरलेला नसेल तर दांडाही फिरतो आणि वायर तोडतो. ढकलत गावात आलो. चौकापाशी "मोटर रिवायंडिंग" अशी पाटी होती. आत चाळिशीच्या एक ताई मांडीवर पंपाची मोटर घेऊन तांब्याची तार गुंडाळत बसल्या होत्या. सुमनताई. नवरा विहिरींवर पंप सोडायला जातो आणि दुकान या बघतात. हे काम त्या पाबळला तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रात राहून शिकलेल्या.

त्यांनी तार न सोडता मान वाकडी करून बघितलं. "कुणी बसवलीय ही?"

"मीच."

"काय करता तुम्ही?"

"कंपनीत मेंटेनन्सला होतो. तीस वर्षं."

"मोठ्या मशिनी असतील," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तार गुंडाळायला लागल्या.

वेढा संपवून उठल्या. लोखंडाची एक पट्टी घेतली, तिला दांड्याच्या मापाचं भोक पाडलं, कानशीनं घासून घासून ते दांड्यासारखंच दोन बाजूंनी चपटं केलं आणि पट्टीचं दुसरं टोक चिमट्याला क्लिपनं आवळलं. "आता दांडा फिरला तर सायकल घिऊनच फिरंल," म्हणाल्या. मी इतकी वर्षं ड्रॉइंगशिवाय वॉशर घातला नाही, आणि या बाईंनी डोळ्यांनी माप घेतलं.

पण बॅटरीही अर्ध्यावर आलेली. ती तिथंच लावली आणि दोन तास बसायची शिक्षा झाली. मला बसवत नाही. मी उठलो, बॅटरीवरचा दिवा बघितला. बसलो. उठून रस्त्यापर्यंत जाऊन आलो. मोबाइलवर वेळ बघितली, मग भिंतीवरच्या घड्याळात बघितली, दोन्हींत एक मिनिटाचा फरक होता, त्याचा विचार केला.

"बसा की दादा," सुमनताई म्हणाल्या, "तुम्ही बघितल्यानं ती लवकर भरत न्हाई."

त्यांच्या सासूबाईंनी आतून बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी आणली. आमच्या घरी ही आमटी गुळाची चव लागेल अशी करतात. इथं मिरची अशी, की दुसऱ्या घासाला कानातून वारं निघालं. सासूबाई समोर बसून मी खातोय ते बघत होत्या. "शिरूरचं दिसत्यात," त्या सुनेला म्हणाल्या, जणू मी परमुलखातून आलो होतो. अंतर वीस किलोमीटर.

निघताना किती द्यायचे विचारलं तर ताई म्हणाल्या, "पैशाचं र्‍हाऊ द्या. तिकडंच चाललाय न्हवं? मंग केडगावात लेथवाल्याकडं एवढा रोटर टाका. आमचं मानूस चार दिवस झालं, आज जातो उद्या जातो करतंय."

रोटर बारा किलोचा होता. नाही म्हणायला मला कधी जमलं नाही, तसं तेव्हाही जमलं नाही. कॅरियरवर डब्याशेजारी तो बांधताना त्या म्हणाल्या, "चढाला पॅडल मारा बरं का. नुसत्या खटक्यावर ओढू नका. हळू चालली की जादा तापती ती. पंपाचंबी तसंच असतंय."

मी मान डोलावली. तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस मान फार छान डोलावतो.

शनिवार : पारगावच्या पुढं

पारगावला भीमा ओलांडली आणि मुलूख बदलला. अलीकडं उघडी रानं, पलीकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, डोक्याच्या वर. वारा उसातून येतो तो ओलसर येतो. आणि त्यात उकळत्या रसाचा वास. या भागात गुऱ्हाळं इतकी, की एकाचा धूर संपतो तिथं दुसऱ्याचा सुरू होतो.

नदी ओलांडेस्तोवर समोरच्या वाऱ्यानं बॅटरी पुन्हा खाली आणली होती. एका गुऱ्हाळावर थांबलो. मालक सत्तरीचे, पांढरं धोतर, त्यांनाही सगळे आबाच म्हणत होते. म्हटलं, तासभर बॅटरी लावू द्याल का?

"लावा की. चरकाची मोटर पंधरा हॉर्सची हाय, तुमची किती पिती?"

पुन्हा तासभर बसायचं. मी चुलवणाभोवती फिरलो, काहिलीतला उकळता रस बघितला, तिचे कान मोजले. ढवळणारे कामगार उत्तरेकडचे. त्यातल्या एकानं उसाच्या कांडक्यावर गरम गुळाचा गोळा लावून दिला. "चाचा, खड़े-खड़े मत खाइए, बैठिए." जो तो मला बसायला सांगत होता.

तो गूळ मात्र काय सांगू. जीभ भाजत होती आणि तोंड मिटवत नव्हतं. शिरूरला आम्ही बाजारातून गूळ आणतो तो दगड असतो, बत्त्यानं फोडायचा. हा ताणला की तार निघत होती.

आबांनी विचारलं, "कुणाकडं निघाला?"

"वरवंडला. मेव्हणीकडं."

"मोकळ्या हातानं?"

"फराळाचा डबा आहे की."

"तो तुमच्या घरचा. आमच्या दारावरनं चाललाय, मंग आमचं काय?" आणि त्यांनी हाक मारून दहा किलोची ढेप गोणपाटात बांधायला सांगितली. मी म्हटलं, आबा, सायकलवर वजन होतंय, मी चाचणी घेतोय. ते म्हणाले, "मंग बरंच झालं. वजन न घालता कसली चाचनी?"

या मुलखात वाटेनं जाणारा माणूस म्हणजे सगळ्यांची बैलगाडी असते. कुणाला तरी काहीतरी पुढं धाडायचंच असतं. माझ्या वहीत मी चाचणीसाठी वजन लिहिलं होतं नव्वद किलो. आता ते एकशे बारा झालं होतं, आणि माझ्या पोटातला गूळ वेगळा.

निघालो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मंगलची एसटी एव्हाना पोचली असणार. ती आणि आक्का ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत असतील, असं डोळ्यासमोर यायला लागलं आणि मला राहवेना. आपण पॅडल मारत घामाघूम पोचायचं नाही. आपण खटक्यावर अंगठा ठेवून, ताठ बसून, घंटी वाजवत जायचं. वारा तोंडावर होता. रस्ता हलका चढाचा, डोळ्यांना दिसत नाही पण चाकाला कळतो असा. सायकलचा वेग निम्म्यावर आला. मी खटका आणखी दाबला. तो आधीच पूर्ण दाबलेला होता. मोटरला हात लावायला थांबायचं होतं, पण थांबलं की वेळ जातो म्हणून थांबलो नाही.

केडगावच्या अलीकडं "खर्रर्र" असा आवाज आला. दळणात खडा आल्यासारखा. मग मोटर मजेत फिरायला लागली आणि सायकल उभी राहिली.

उतरून मोटरला हात लावला. एक म्हणायच्या आत काढला.

कळलं. दाते गेले. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली सायकल टेकवली आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात वाईट विचार आला. पिशवीत जादा संच होता. इथंच मोटर उघडायची, दाते बदलायचे, हात पुसायचे आणि ताठ बसून वरवंडात शिरायचं. कुणाला काही कळणार नव्हतं. सोमवारी आक्का त्या सायकलवर भरवसा ठेवून मुख्याध्यापकांना हो म्हणाली असती. आणि आठ दिवसांनी कालव्याच्या चढावर पुन्हा खर्रर्र झालं असतं तर? तेव्हा नोकरी कदाचित राहिली असती, पण आक्काचा माझ्यावरचा आणि स्वतःवरचा विश्वास गेला असता.

हे सगळं मला सुचलं, पण खरं कारण निराळं होतं. मोटरमधली चक्रं एका बारीक कडीनं अडकवलेली असतात, ती काढायला वेगळी चिमट्यासारखी पक्कड लागते. ती मी शिरूरला विसरलो होतो. माझा प्रामाणिकपणा हा असा आहे.

एक मात्र झालं. मोटर बंद पडल्यावर चाक खरंच मोकळं फिरत होतं, जराही अडत नव्हतं. केडगावात रोटर पोचवला आणि पुढचे बाराएक किलोमीटर पॅडल मारत गेलो. चौफुल्याला हायवे ओलांडताना ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. आक्काला काय सांगायचं याची तीन भाषणं तयार केली. पहिल्यात दोष वाऱ्याचा होता, दुसऱ्यात गुळाचा, तिसऱ्यात नायलॉनचा.

शनिवार संध्याकाळ : वरवंड

मळ्यातल्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीला थोडा वेळ होता. मंगल आणि आक्का खरंच ओट्यावर बसल्या होत्या. संतोष मोटरसायकल धूत होता.

"आले," मंगल म्हणाली. "पॅडल मारत."

संतोष हसला नाही, ते जास्त लागलं. तो आईकडं वळून म्हणाला, "बघ आये. म्हनलं न्हवतं? आसल्या गोष्टी टिकत न्हाईत. उद्या सरांना फोन कर आन् सांग न्हाई जमत म्हनून. इषय मिटंल."

आक्का लंगडत उठली, आधी मला पाणी दिलं, मग ढेप उतरवून घेतली, फराळाचा डबा आत नेला. मी तीनही भाषणं विसरलो आणि घडलं ते सांगितलं. दाते गेले म्हणून सांगितलं, पक्कड विसरलो तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. शाळेत तपासणीला येणारे साहेब तिला असेच विचारत असणार.

"वजन किती हुतं?"

"एकशे बारा. सायकल सोडून."

"माझं बावन्न. भाजी आन् डबा धरून बासष्ट. बरं, पॅडल किती मारलं?"

मी मंगलकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती.

"मारलं नाही."

"चढालाबी न्हाई?"

"नाही."

"मधी थांबून गार केली?"

"आधी करत होतो. नंतर घाई झाली."

आक्कानं गुडघ्यावरून हात फिरवला. "पाव्हणं," ती म्हणाली, "सव्वाशे पोरांची खिचडी मोठ्या आचेवर ठिवून मी गप्पा मारीत बसले तर ती लागंल का न्हाई? मंग पातेलं वाईट का? मोटरची कुठं परीक्षा झाली हो ह्यात. तुमचीच झाली."

"आन् तू नापास केलंस," मंगल म्हणाली.

"काठावर पास. खरं सांगितलं म्हनून."

संतोष फडकं पिळून आत निघून गेला. जेवणात वांग्याचं भरीत होतं आणि माझ्याच डब्यातली शेव. झोप अशी लागली नाही. हातात एकच संच उरला होता.

रविवार : कालव्याचा चढ

सकाळी चहा घेतोय तोवर संतोष कुठूनतरी आला आणि ती पक्कड माझ्यापुढं टाकली. गावातल्या गॅरेजवाल्याला झोपेतून उठवून आणली होती. "उघडा तर खरं," एवढंच म्हणाला.

मोटर उघडली. जुन्या चक्रांचे दाते किसलेल्या खोबऱ्यासारखे झाले होते. ते बोटानं पुसून काढले, नवी चक्रं घातली, ग्रीस भरलं. संतोष उकिडवा बसून बघत होता. "हे दाते लोखंडाचे का न्हाई करत?" त्यानं विचारलं.

"आवाज करतात. आणि लोखंड अडकलं तर मोटर जळते. हे आधी मरतात आणि मोटर वाचवतात."

"आन् हे गेले तर?"

"आता हे गेले तर माझ्याकडं दुसरे नाहीत. मागवायला आठ दिवस."

सोमवार उद्यावर आला होता. आक्कानं साडीचा काष्टा आवळला, पायात बूट घातले. म्हणाली, "ती ढेप ठिवा मागं. रोज एवढंच असतंय वजन."

कालव्याचा चढ घरापासून अर्ध्या किलोमीटरवर. मंगल आणि संतोष मोटरसायकलवरून आमच्या मागोमाग आले. लांबीला फार नाही, पण उभा. एका अंगाला कालवा भरून चाललेला, दुसऱ्या अंगाला कुणाचीतरी गुलछडी. खालून वर बघितल्यावर मला वाटलं, आपण उगाच शब्द दिला.

"तुम्ही हितंच थांबा," आक्का म्हणाली. मी हो म्हणालो आणि ती निघाल्याबरोबर मागं धावायला लागलो.

तिनं खटक्याला हात लावलाच नाही. पॅडल फिरवलं की मोटर आपणहून जी थोडी साथ देते, तीच कमीत कमीवर ठेवली आणि हलक्या पायानं फिरवत राहिली. घाई नाही, जोर नाही. सायकल अशी चालली होती, जशी कुणी मागून हलकेच हात लावून ढकलावी. अर्ध्या चढावर मी कमरेवर हात ठेवून वाकलो. तेवढ्यात वरून शेरडांचा कळप आडवा आला आणि आक्का थांबली.

उभ्या चढावर, वजन घेऊन, थांबलेल्या सायकलला पुन्हा हलवणं म्हणजे मोटरवर सगळ्यात मोठा ताण. मी ओरडणार होतो, पण श्वास नव्हता. शेरडं गेली. आक्का सायकलवर चढलीच नाही. चार पावलं सायकल हातानं चालवत नेली, चाकानं गती घेतल्यावर टांग टाकली आणि मग पाय फिरवला. बावीस वर्षं भाजी लादलेली सायकल ती अशीच काढत आलेली. माझ्या वहीत हे नव्हतं.

वर पोचल्यावर उतरली. वाकून मोटरवर तळवा ठेवला. खालून आम्ही तिघं बघत होतो. तिनं हात काढला नाही. पंधरा झाले असतील, वीस झाले असतील. मग तिनं पुन्हा टांग टाकली आणि आमच्याकडं न वळता पलीकडं उतरून दिसेनाशी झाली.

"कुठं गेली ही?" मंगल म्हणाली.

कुणालाच माहीत नव्हतं. संतोष म्हणाला, फोन घरीच ठेवलाय. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी चढ वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. संतोषनं मोटरसायकल काढली, मंगलनं त्याला थांबवलं. पाऊण तास झाला. मला रस्त्यात पडलेली सायकल दिसायला लागली, कालव्यात पडलेली सायकल दिसायला लागली.

मग घंटी ऐकू आली. आक्का चढ उतरून आली, चेहरा लाल, पदर खोचलेला. मागची ढेप नव्हती.

"आये, कुठं गेलतीस?"

"गावात. सरांच्या घरी. उद्या साडेनऊला येते म्हनून सांगून आले. गूळ शाळेच्या कोठीत ठिवला, पोरास्नी उद्या लापशी करीन."

"मला इचारायचं तरी," संतोष म्हणाला.

"तुला काय इचारायचं? तू सहाला जातो. मी नऊला निघनार."

संतोषनं वाकून मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं. "हवा कमी हाय ह्यात," म्हणाला आणि पंप आणायला गेला.

आम्ही दुपारच्या एसटीनं निघालो. मंगलला खिडकी मिळाली. माझं डोकं थांबत नव्हतं. दात्यांचे दोन संच मागवून ठेवायचे, सुमनताईंकडून पट्ट्या करून घ्यायच्या, न्हावऱ्यात परत जायचं, वरवंडशेजारच्या पाटस गावात कुणाच्यातरी सायकलला अशीच मोटर बसवायची, हे सगळं मी तिला सांगत होतो. ती उसाकडं बघत होती. मग म्हणाली,

"चांगलं केलंत. ती घरी बसली असती तर संपली असती. पण पाच महिने ती घरी होती ना, तर रोज अकराला, तुम्ही काहीतरी कारण काढून बाहेर पडलात की मी तिला फोन लावायची. तासभर बोलायचो आम्ही. लग्न झाल्यापासून बहिणीशी इतकं बोलणं झालं नव्हतं माझं. आता अकरा वाजता तिच्या हातात उलथणं असणार. तेव्हा ते पाटस-बिटस सगळं दुपारनंतर. उद्यापासून अकरा ते बारा कुठं जायचं नाही. मी बोलेन, तुम्ही बसायचं."